'पुरे' कोणी म्हणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात समाधान आणि कृतज्ञता या विषयावर बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातील चांगल्या गोष्टी वहीत लिहून काढाव्यात, असे एका भगिनींनी सुचवले होते. तर एका ज्येष्ठ वाचकांनी लोकलच्या गर्दीबद्दल कुरकुर करणाऱ्यांना, निदान जायला नोकरी आहे याबद्दल देवाचे आभार माना, असे सुनावले होते. पहिल्या पत्राशी मी सहमत आहे. दुसऱ्या पत्रामागची कळकळ मला समजते, पण त्यातला उपदेश मान्य नाही आणि तो का मान्य नाही, हे सांगायला नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा लागेल. पत्र लांबलेच, तर कात्री आपल्या हाती आहेच.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तसा उफराटा आहे. बँकेतील नोकरीच्या काळात आणि निवृत्तीनंतरही, मिळून तीसेक वर्षे, मी मराठी वृत्तपत्रांना तक्रारीची पत्रे लिहीत आलो आहे. गेल्या दसऱ्याच्या आधी माळा आवरताना पुठ्ठ्याची एक जुनी फाइल खाली आली आणि तिच्यात मी जपून ठेवलेली माझ्याच छापून आलेल्या पत्रांची कात्रणे निघाली. ती सत्तेचाळीस होती. त्यांपैकी अकरा पाण्याबद्दल, नऊ लोकल आणि फलाटांबद्दल, सहा ध्वनिक्षेपकांबद्दल, आणि उरलेली खणलेले पदपथ, कचऱ्याचे ढीग, बसथांब्यावरचे उडालेले छप्पर अशा सटरफटर विषयांवर होती. स्टुलावर बसून मी ती अभिमानाने चाळत होतो. माझी पत्नी खाली धूळ पुसत होती, तिने चार-पाच कात्रणे हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "एवढ्या पत्रांत एकाचंही कौतुक नाही का हो?" मी पुन्हा सगळी फाइल पाहिली. नव्हते.

त्या फाइलमधले एक कात्रण मी बाजूला काढून ठेवले. ते २०११ च्या मे महिन्यातले आहे. आमची इमारत मुलुंड पूर्वेला, तळमजला अधिक तीन मजल्यांची, उद्वाहन नसलेली. मुंबईत बहुतेक भागांत चोवीस तास पाणी नसते. प्रत्येक विभागाला ठरलेल्या वेळी ते सोडले जाते आणि ते सोडण्या-बंद करण्याचे काम रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवणारे कर्मचारी करतात. लोक त्यांना चावीवाले म्हणतात. त्या मे महिन्यात चार-पाच दिवस आमच्या तळाच्या टाकीत पाणी निम्मेच भरत होते. आमच्या विभागाचा चावीवाला वेळेआधीच पाणी बंद करतो आणि त्यामागे काही 'व्यवहार' असावा, असे मी एका पत्रात ठणकावून लिहिले. पुरावा काहीच नव्हता, पण भाषा चांगली जमली होती. ते पत्र छापूनही आले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे सव्वाचारच्या सुमारास मी घड्याळ आणि वही घेऊन खाली उतरलो, म्हटले याला रंगेहाथ पकडू. तो कोपऱ्यावर होता. रस्त्यातले लोखंडी झाकण सरकवून, वरच्या टोकाला आडवा दांडा असलेली आपल्या छातीइतकी उंच चावी त्याने खड्ड्यात उभी केली होती आणि तो ती दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत होता. ओठ हलत होते. फेरे मोजत होता. मी जवळ गेल्यावर त्याने मान न वळवता हाताने थांबायची खूण केली, कारण मोजणी चुकली की खालच्या वस्तीला पाणी कमी पडते किंवा वरच्या वस्तीला पोहोचतच नाही, हे मला त्याच्याकडूनच नंतर कळले. फेरे संपल्यावर चावी खांद्याला टेकवून तो म्हणाला, "काका, पेपरात ते तुम्हीच लिहिलंत ना?" मी हो म्हटले. मला वाटले आता भांडण होणार. तो नुसता "चला, टाकी दाखवा" म्हणाला. आवारात येऊन त्याने आत येणाऱ्या पाइपावर तळहात ठेवला, क्षणभर कान लावला आणि म्हणाला, "लायनीला पाणी आहे. तुमचा बॉलकॉक अडकलाय." विजेरी मारून पाहिले तर खरेच टाकीतल्या बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा, दांडा भिंतीला घासून अर्ध्यावर अडकला होता, त्यामुळे टाकी भरण्याआधीच पाणी बंद होत होते. प्लंबरने दुपारी येऊन अडीचशे रुपयांत काम केले. पहाटे मी त्या चावीवाल्याला चहासाठी वर बोलावले, तेव्हा "अजून तीन चाव्या राहिल्यात" असे म्हणून तो गेला.

त्या पत्राची दुरुस्ती मी कधी पाठवली नाही. दोनेक वर्षांनी त्या चावीवाल्याची दुसऱ्या विभागात बदली झाली, आणि त्याचे नाव मी विचारलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात आले.

कृतज्ञता ही मनाची कोवळी भावना आहे, असे आपण समजतो. माझ्या अनुभवात तिची सुरुवात माहितीपासून झाली. आपली रोजची बोलीच पाहा. पाणी आले, दूध आले, पेपर आला, गाडी आली, लाइट आली असे आपण म्हणतो. जणू या साऱ्या वस्तू आपापल्या पायांनी चालत दारापर्यंत येतात. त्यांना आणणारा माणूस आपल्या वाक्यातच नसतो आणि वाक्यात नसलेल्याचे आभार मानायचे कोणाचे? उलट यांपैकी एखादी गोष्ट आली नाही, की तो माणूस ताबडतोब वाक्यात येतो: दूधवाल्याने दूध टाकले नाही, पेपरवाल्याने दांडी मारली, चावीवाल्याने पाणी बंद केले.

त्या पहाटेनंतर, काहीशा अपराधी मनाने, मी आपल्या नळाच्या पाण्याची वाट उलट दिशेने शोधत गेलो. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते आणि त्यांपैकी तुळशी आणि विहार हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे उरलेले पाच ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांत आहेत. तानसाचे धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, मध्य वैतरणा २०१४ चे. म्हणजे आपल्या एका बादलीत तीन शतकांतल्या माणसांचे काम आहे. भातसाचे पाणी नदीतून पिसे येथपर्यंत येते, तिथून ते पंपांनी उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते. तानसा आणि वैतरणेचे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येते. दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी असा प्रवास करते आणि त्याच्या शेवटच्या काहीशे फुटांवर एक माणूस पहाटेच्या अंधारात फेरे मोजत उभा असतो. मी अकरा पत्रे लिहिली, तेव्हा यातले मला काहीही ठाऊक नव्हते.

वही लिहिण्याची सूचना करणाऱ्या भगिनींच्या बाजूने एक आधार मला सांगावासा वाटतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने मनस्ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी लिहायच्या. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरे वाटले, येणाऱ्या आठवड्याबद्दल ते अधिक आशावादी होते आणि त्यांच्या शारीरिक कुरबुरीही कमी होत्या. ते विद्यार्थी होते आणि दहा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, हे खरेच. पण दुसऱ्या गटाचे वर्णन वाचताना माझी सत्तेचाळीस कात्रणांची फाइल माझ्या डोळ्यांपुढे आली, हे कबूल करतो.

वहीची गरज मुळात का पडावी, याचे उत्तरही आपल्या अनुभवात आहे. मिळालेल्या सुखाची सवय फार लवकर होते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, तेव्हा मुलुंडहून करी रोडला जाणारा माझा मुलगा घरी बसला. पुढे कार्यालय सुरू झाल्यावर तो बस आणि रिक्षा बदलत जाऊ-येऊ लागला आणि त्यात त्याचे रोज चार-साडेचार तास जात. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वसामान्य प्रवाशांना लोकलची मुभा मिळाली. पहिल्या दिवशी तो रात्री घरी आला, तो दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखा. खिडकी मिळाली, विक्रोळीची झाडे दिसली, समोरच्या बाकावर नेहमीचे दोन जण भेटले, असे तपशील तो जेवताना सांगत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याच तोंडून ऐकले, "आज पुन्हा सात मिनिटं लेट." मी त्याला हसलो नाही. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीतील बावीस विजेत्यांची पाहणी केली, तेव्हा ते इतरांपेक्षा विशेष सुखी आढळले नाहीतच, उलट मित्राशी गप्पा मारणे, न्याहारी करणे अशा साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. लॉटरीची ही गत, तर लोकलमधल्या खिडकीची ती काय कथा?

आपल्या पूर्वजांना ही विसराळूवृत्ती माहीत असावी, कारण त्यांनी कृतज्ञता मनावर सोडली नाही, ती रीतीत बांधून टाकली. शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. वर्षभर राबणाऱ्या बैलाला पोळ्याच्या दिवशी जुंपायचे नाही. खंडेनवमीला हत्यारे पुजायची, आणि मुंबईकरांनी तर ती रीत लोकलपर्यंत नेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्षानुवर्षे एकाच डब्यातून जाणारे गट डब्याला झेंडूची तोरणे बांधतात, हार घालतात, पेढे वाटतात. ज्या गाडीला वर्षभर शिव्या घातल्या, तिलाच त्या दिवशी हळदकुंकू लागते. यात मला ढोंग वाटत नाही. ती गाडी उशिरा येते हेही खरे आणि तिच्यावर घर चालते हेही खरे.

आता त्या ज्येष्ठ वाचकांच्या पत्राकडे वळतो. दारात एका हाताने लोंबकळत जाणाऱ्या माणसाला नोकरीबद्दल कृतज्ञता वाटत असेल, तर ती त्याची आहे. पण फलाटावर उभे राहून, किंवा माझ्यासारखे निवृत्तिवेतनावर घरी बसून, ती त्याला शिकवण्याचा अधिकार आपला नाही. पंगतीत जिलबी घेऊन वाढपी येतो, आग्रह करतो, आणि जेवणारा पानावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणतो. या एका शब्दात जेवणाऱ्याची तृप्तीही असते आणि मानही असतो. तोच शब्द वाढप्याने उच्चारला, "पुरे आता तुम्हाला" असे तो म्हणाला, तर त्याला कोणी समाधानाचा उपदेश म्हणणार नाही. लोक पानावरून उठतील. समाधानाबद्दलचे आपले बहुतेक उपदेश वाढप्याच्या तोंडचे असतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी महागाईमुळे शंभर रुपये वाढवून मागितले, की "हल्ली कोणी समाधानी म्हणून नाही" हे वाक्य ज्या दिवाणखान्यात ऐकू येते, तिथे समाधान नेमके कोणाचे कमी असते, हे मी माझ्याच घरात अनुभवले आहे. शंभर रुपये वाढवले, पण वाक्य बोलून झाल्यावर.

पाण्याबाबत हे अधिकच टोचते. भातसा आणि तानसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी त्या भागात जाण्याचा योग आला. एप्रिलचा शेवट होता. रस्त्याच्या कडेने बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चालल्या होत्या आणि त्यांच्यातली एक मुलगी जेमतेम बारा वर्षांची असेल. तिच्या हंड्याच्या तोंडावर पाणी हिंदकळू नये म्हणून पळसाचे पान ठेवलेले होते. आमच्या बसमध्ये तेव्हा बाटलीबंद पाण्याचे खोके फिरत होते. आपल्या पंक्तीला भरभरून वाढून पलीकडच्या पंक्तीला रिकामी पाने ठेवण्याला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच म्हणतात. त्या मुलीला समाधानी राहा असे सांगणारा माणूस मला भेटला, तर मी माझे अठ्ठेचाळिसावे तक्रारपत्र आनंदाने त्याच्याविरुद्ध लिहीन. मुंबईकराने आपल्या नळाबद्दल खरोखर कृतज्ञ राहायचे म्हटले, तर त्या पाड्यांवर नळ यावा ही मागणी त्या कृतज्ञतेतच आली.

तेव्हा 'पुरे' हा शब्द ज्याने त्याने आपल्याच पानावर हात धरून म्हणावा. ते किती अवघड असते, याचा धडा मी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये घेतला. २०१२ पासून आमच्या बैठका चालू आहेत. पहिल्या विकासकाने तीस टक्के वाढीव चटई क्षेत्र देऊ केले, तेव्हा सगळे खूश होते. मग मागच्या गल्लीतल्या सोसायटीला पस्तीस टक्के मिळाल्याची बातमी आली आणि तेच तीस टक्के आम्हाला अन्याय वाटू लागले. तो विकासक गेला. दुसरा आला, त्याच्याशी कॉर्पस फंडावरून, म्हणजे विकासक देतो त्या ठोक रकमेवरून, वाजले, तोही गेला. प्रत्येक वेळी 'आणखी' म्हणून वर झालेल्या हातांत माझाही हात होता. या काळात तळमजल्यावरच्या आजी गेल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ, ज्यांना गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नसे आणि जे प्रत्येक बैठकीत फक्त "लिफ्ट कधी?" एवढेच विचारत, तेही गेले. त्यांच्या तेराव्यानंतर घरी येताना पत्नी मला म्हणाली, "आपल्याला लिफ्ट हवी होती, की मागच्या गल्लीपेक्षा मोठा हॉल?" मी जिना चढत होतो, म्हणून उत्तर दिले नाही.

गेल्या महिन्यातल्या बैठकीत, तिसऱ्या विकासकाचा प्रस्ताव आला असता, क्षेत्रफळ माझ्यापुरते पुरे आहे असे मी उभे राहून सांगितले. सभागृहात थोडी शांतता पसरली, कारण माझ्याकडून कोणाची ही अपेक्षा नव्हती. इतरांनी काय करावे, याबद्दल मी बोललो नाही. ज्यांच्या घरात दोन खोल्यांत सात माणसे आहेत, त्यांचा हिशेब वेगळा असणार. बँक हमीच्या कलमावर आणि बांधकाम रखडल्यास भाडे चालू राहण्याच्या अटीवर मात्र मी पाऊण तास अडून बसलो आणि ती दोन्ही कलमे लिहून घेतली. समाधानी माणसाने कागद वाचायचे सोडून द्यावे, असे मला कोणी सांगितलेले नाही.

वहीची सूचना मी दसऱ्यापासून माझ्या पद्धतीने पाळतो आहे. रोज पाच गोष्टी मला सुचत नाहीत, आणि 'सूर्य उगवला' छापाची वाक्ये लिहायला माझा हात धजत नाही. मी रोज एकच ओळ लिहितो आणि नियम असा ठेवला आहे, की त्या ओळीत माणूस कर्ता असला पाहिजे. 'पेपर आला' चालणार नाही; 'पावसात पेपरवाल्याने पेपर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कडीला अडकवला' असे लिहायचे. पहिले आठ-दहा दिवस ओळ पूर्ण करायला कठीण गेले, कारण निम्म्या वेळा कर्ता कोण हेच मला ठाऊक नसे आणि ते विचारायला खाली उतरावे लागे. जिना रोज कोण झाडते, ते मला बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळले. सकाळी साडेपाचला येतात, आणि तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करतात.

या पत्राच्या निमित्ताने एक प्रलंबित काम उरकतो. मे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माझ्या पत्रात, आमच्या विभागाला पाणी सोडणारे कर्मचारी वेळेआधी पाणी बंद करतात आणि त्यामागे काही व्यवहार असावा, असे विधान मी केले होते. ते विधान संपूर्णपणे चुकीचे होते. दोष आमच्याच टाकीतल्या बॉलकॉकचा होता आणि तो त्याच कर्मचाऱ्याने, स्वतःचे काम सांभाळून, मोबदला न घेता दाखवून दिला. मी ते विधान मागे घेतो आणि त्यांची क्षमा मागतो. ते स्वतः किंवा त्यांच्या घरचे कोणी हे वाचत असतील, तर त्या पहाटेचा चहा आमच्याकडे अजून बाकी आहे. तिसरा मजला, लिफ्ट अजून नाही.

आमच्या रस्त्यावरचा पदपथ तिसऱ्यांदा खणून ठेवल्याबद्दलचे पत्र दुसऱ्या पाकिटातून स्वतंत्रपणे पाठवत आहे. ते दीडशे शब्दांत बसवले आहे.

कळावे,
आपला एक जुना पत्रलेखक,
मुलुंड (पूर्व), मुंबई